विश्लेषण : नॉमिनी म्हणजे वारस नव्हे! मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि ट्रस्टबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

बँकेत, म्युच्युअल फंडात, सोसायटीत नॉमिनीचे नाव भरले की काम झाले, असे अनेक घरांत समजले जाते. कायदा तसे मानत नाही. मृत्युपत्र कोणी करावे, नोंदणी सक्तीची आहे का, नागपुरात प्रोबेट लागते का, मोबाइलवरचा व्हिडीओ चालतो का, याची सोपी उत्तरे.

नागपूरच्या अमरावती रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘एलआयटी’ माहीत असते. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. केमिकल इंजिनीअरिंग शिकवणारी ही संस्था १९४२ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती उभी राहिली एका मृत्युपत्रामुळे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे केली. पैसा कोणाला द्यायचा आणि कशासाठी, हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्या कागदाचे फळ आजही विद्यार्थ्यांना मिळते आहे.

दुसरे उदाहरण घराघरांतल्या भिंतीवर टांगलेले आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २० ऑगस्ट २०१३ रोजी निधन झाले. त्यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. मृत्युपत्रातल्या मालमत्तेखेरीज ४ कोटी १४ लाखांहून अधिक रकमेच्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडातली गुंतवणूक होती आणि त्यांवर वेगवेगळे नॉमिनी होते. नॉमिनी हाच मालक की पैसा सर्व वारसांचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. उत्तर मिळाले १४ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे निधनानंतर दहा वर्षांनी.

मृत्युपत्र केलेल्या घरातही एवढा काळ गेला. ज्या घरात कागदच नाही, तिथे काय होत असेल?

नॉमिनी म्हणजे नेमके कोण?

‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनी कायद्यातले नामनिर्देशन म्हणजे वारसा हक्काचा तिसरा मार्ग नव्हे. संपत्ती एक तर मृत्युपत्राने जाते, नाही तर वारसा कायद्याने. नॉमिनीचे काम रक्कम किंवा शेअर ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवण्याचे. कंपनीला किंवा फंडाला व्यवहार पूर्ण करण्यासाठी एक माणूस समोर लागतो, तो माणूस म्हणजे नॉमिनी.

याआधी २०१० मध्ये ‘हर्षा कोकाटे’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने नेमके उलटे मत दिले होते. शेअरचा नॉमिनी हाच मालक, असा त्याचा अर्थ निघत होता. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मत चुकीचे ठरवले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

बँकेच्या ठेवींनाही हेच तत्त्व लागू आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण चार नॉमिनी म्हणजे चार मालक नव्हेत. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यातही बँक हयात खातेदाराला पैसे देते, त्यामुळे इतर वारसांचा हक्क आपोआप संपत नाही.

विम्याचे प्रकरण थोडे वेगळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर ते ‘लाभार्थी नॉमिनी’ मानले जातात. मात्र यामुळे इतर वारसांचा हक्क पूर्णपणे संपतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. म्हणून विम्याचा उल्लेखही मृत्युपत्रात करणे शहाणपणाचे.

गृहनिर्माण सोसायटीतल्या फ्लॅटचे काय?

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ करून घेता येते. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांमधला कौटुंबिक करार यांच्या आधारे खरा हक्कदार ठरेपर्यंतच हे सभासदत्व असते. म्हणजे मेंटेनन्सची पावती नॉमिनीच्या नावाने येऊ लागली, तरी फ्लॅट त्याचा झाला असे होत नाही.

मृत्युपत्र केले नाही तर संपत्ती कोणाकडे जाते?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. दीक्षाभूमीच्या शहरात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बौद्ध कुटुंबांसाठी वेगळा कायदा आहे असा समज आढळतो. तसा तो नाही.

पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याची स्वकष्टार्जित संपत्ती पहिल्या वर्गाच्या वारसांत वाटली जाते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. आधीच वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा त्यांच्या मुलाबाळांकडे जातो. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘सगळे बायकोलाच मिळेल’ हेही खरे नाही. आई हयात असेल आणि दोन मुले असतील तर पत्नीला मिळतो एक चतुर्थांश.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, देशभर ती २००५ मध्ये आली. ‘विनीता शर्मा’ प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही. लग्नात हुंडा दिला, सोने दिले, म्हणून मुलीचा हिस्सा संपला, हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. तिने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले तर गोष्ट वेगळी.

मुस्लीम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. तिथे मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश संपत्तीच देता येते, त्याहून अधिक द्यायची असेल तर वारसांची संमती लागते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यांच्याकडे लग्नानंतर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हा फरक लक्षात ठेवावा. हिंदूंना ती तरतूद लागू नाही.

गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी महत्त्वाची ठरते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्त्रीला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला आणि तिच्या वारसांना समान हिस्सा द्यावा लागेल. विदर्भातल्या आदिवासी कुटुंबांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

महिलांनी मृत्युपत्र करणे अधिक गरजेचे का?

या विषयातली ही सगळ्यात कमी बोलली जाणारी बाजू. हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल तर तिची संपत्ती आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते कोणीच नसतील, तर दुसरा क्रमांक पतीच्या वारसांचा आहे. तिचे स्वतःचे आई-वडील तिसऱ्या क्रमांकावर येतात.

‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ हा २००९ चा निकाल याचे सर्वात बोचरे उदाहरण. १९५५ मध्ये लग्न झालेली एक मुलगी तीनच महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. ती माहेरी आली, शिकली, नोकरी केली, स्वतःच्या पगारातून बचत केली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता तिचे निधन झाले. बँकेतले पैसे आणि भविष्य निर्वाह निधी कोणाचा? जिने तिला सांभाळले त्या आईने अर्ज केला. पतीच्या बहिणीच्या मुलांनीही केला. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे शब्द पाहिले आणि संपत्ती पतीच्या वारसांना गेली. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत मात्र, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतःच्या कमाईच्या पैशांना हे संरक्षण नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने या कलमाशी संबंधित प्रकरणात महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. नोकरी करणारी, स्वतःच्या नावावर फ्लॅट किंवा एफडी असलेली, अविवाहित, निपुत्रिक किंवा विधवा महिला असेल तर हा सल्ला तिने पुढे ढकलू नये.

वैध मृत्युपत्रासाठी काय लागते?

फार काही लागत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते. ठरावीक नमुना नाही, वकिलाची सक्ती नाही.

सक्ती आहे ती दोन साक्षीदारांची. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही माझी सही आहे’ असे त्याच्याकडून ऐकलेले असावे. नंतर प्रत्येक साक्षीदाराने त्याच्यासमोर सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे बंधनकारक नाही, पण असलेले बरे.

अनेक मृत्युपत्रे इथेच अडतात. सही ठीक असते, मजकूर ठीक असतो, साक्षीदार मात्र एकच असतो. किंवा साक्षीदारांनी आठवड्याने घरी बसून सही केलेली असते. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना, साक्षीदार हयात असेल तर, किमान एकाला साक्षीसाठी बोलवावे लागते. म्हणून ऐंशी वर्षांच्या मित्रापेक्षा वयाने लहान, नागपुरातच राहणारा, ओळखीचा माणूस साक्षीदार म्हणून चांगला. फॅमिली डॉक्टर असेल तर अधिक चांगले.

ज्याला संपत्ती मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. ख्रिश्चन किंवा पारशी व्यक्तीच्या मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेला हिस्साच रद्द ठरतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा कशाला ठेवायची?

मोबाइलवर व्हिडीओ केला, ई-मेल पाठवला तर?

चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या पहिल्या अनुसूचीत काही दस्तऐवज या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यांत मृत्युपत्र आहे आणि ट्रस्टही आहे. त्यामुळे आधार ई-साइन, डिजिटल सही, पीडीएफ यांनी मृत्युपत्र होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘माझ्यानंतर घर ताईचे’ हा मेसेज म्हणजे मृत्युपत्र नव्हे.

एक अपवाद आहे. प्रत्यक्ष युद्धात किंवा मोहिमेवर असलेला सैनिक, हवाई दलाचा जवान आणि समुद्रावर असलेला खलाशी तोंडी मृत्युपत्रही करू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मृत्युपत्र करणाऱ्या बाकीच्यांना कागद आणि शाई लागतेच.

व्हिडीओचा उपयोग पुरावा म्हणून होतो. सही करताना शांतपणे, न थांबता चित्रीकरण केले, त्यात करणाऱ्याने स्वतः मजकूर वाचून दाखवला, तर ‘बाबांना कळतच नव्हते’ या आक्षेपाला उत्तर मिळते. वय जास्त असेल, आजारपण असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही, पण करावी. नोंदणी कायदा, १९०८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिला मुदतही नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदारांसह जायचे, ओळखपत्रे द्यायची, फोटो आणि अंगठ्याचे ठसे होतात. नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची प्रत करणारा हयात असेपर्यंत इतरांना मिळत नाही. त्यामुळे ‘घरच्यांना कळेल’ ही भीती निराधार आहे. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे मृत्युपत्र ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे.

नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र अभेद्य झाले, असे मात्र नाही. १९५९ च्या ‘वेंकटाचल अय्यंगार’ निकालापासून न्यायालये ‘संशयास्पद परिस्थिती’ तपासत आली आहेत. करणाऱ्याची सही थरथरती आहे का, कारण न देता पत्नीला किंवा एखाद्या मुलाला वगळले आहे का, ज्याला सगळे मिळाले त्यानेच मृत्युपत्र करवून घेतले का? या शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. म्हणून एखाद्याला कमी द्यायचे असेल तर एका ओळीत कारण लिहावे. ‘मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी व घरासाठी आधीच मदत केली आहे’ एवढे वाक्यही पुढचा खटला टाळू शकते.

शेवटचे वैध मृत्युपत्र हेच खरे मृत्युपत्र. २०१५ चे नोंदणीकृत आणि २०२४ चे कोऱ्या कागदावरचे, दोन्ही कायदेशीर असतील तर २०२४ चे चालते. म्हणून नव्या मृत्युपत्रात ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ हे वाक्य हवेच. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येते, त्यालाही दोन साक्षीदार लागतात.

नागपुरात प्रोबेट लागते का?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. याबाबत नागपुरात सर्वाधिक गोंधळ असतो, कारण इंटरनेटवरची बहुतेक माहिती मुंबईची असते.

इंग्रजांच्या काळातल्या रचनेमुळे उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ ची सक्ती हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी प्रामुख्याने जुना बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास ही शहरे एवढ्यापुरती होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. इथले स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ मध्ये सुरू झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर हे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. मुंबईच्या त्या जुन्या हद्दीत नागपूर कधीच नव्हते. त्यामुळे नागपुरातल्या घरासाठी हिंदू किंवा बौद्ध कुटुंबाला प्रोबेट सक्तीचे नव्हते. याच माणसाचा मुंबईत फ्लॅट असेल तर मात्र त्या फ्लॅटसाठी प्रोबेट लागत असे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायदा मंजूर करून कलम २१३ च वगळले. म्हणजे ही सक्ती आता मुंबईतही उरलेली नाही.

तरीही प्रोबेट निरुपयोगी झालेले नाही. वारसांत वाद असेल, मोठी रक्कम असेल किंवा एखादी संस्था न्यायालयाचा दाखला मागत असेल, तर जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेता येते. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमला असेल तर तो अर्ज करतो. नेमला नसेल तर वारसांना व्यवस्थापनपत्र घ्यावे लागते. मृत्युपत्रच नसेल आणि ठेवी, शेअर अडकले असतील तर उत्तराधिकार प्रमाणपत्राचा मार्ग आहे.

मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू’ हा घराघरांतला दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात निवासी किंवा शेतीची मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून अनेक जण हा मार्ग घेतात.

फरक एकच, पण मोठा. बक्षीसपत्र आजच लागू होते, मृत्युपत्र मृत्यूनंतर. मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते, बक्षीसपत्र सहज मागे घेता येत नाही. बक्षीसपत्रावर सही करणारे आई-वडील त्या क्षणापासून स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीवर राहतात.

ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ मध्ये यावर एक उपाय आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. जानेवारी २०२५ मध्ये ‘उर्मिला दीक्षित’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. पण ही अट सिद्ध व्हावी लागते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट आणि हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क त्यातच लिहून घ्यावा.

आणखी एक गैरसमज आममुखत्यारपत्राचा. अमेरिकेतल्या मुलाने किंवा वृद्ध वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. त्यानंतर त्यावर केलेल्या सहीला अर्थ राहत नाही.

ट्रस्टची गरज कोणाला?

‘प्रन्यास’ हा शब्द नागपूरकरांना नवा नाही. नागपूर सुधार प्रन्यासमुळे तो भूखंडांशी जोडला गेला आहे. कुटुंबासाठीचा खासगी ट्रस्ट मात्र वेगळी गोष्ट आहे. भारतीय न्यास कायदा, १८८२ नुसार एक व्यक्ती आपली संपत्ती विश्वस्ताकडे सोपवते आणि विश्वस्त ती तिसऱ्या व्यक्तीच्या हितासाठी सांभाळतो. संपत्ती देणारा, सांभाळणारा आणि लाभ घेणारा, अशी ही तीन पायांची रचना.

प्रत्येक घराला ट्रस्ट लागत नाही. एक फ्लॅट, काही ठेवी आणि समजूतदार मुले असतील तर मृत्युपत्र पुरते. ट्रस्टचा खरा उपयोग तिथे होतो, जिथे संपत्ती मिळणारी व्यक्ती ती स्वतः सांभाळू शकत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेले मूल हे त्याचे पहिले उदाहरण. आई-वडिलांनंतर त्याच्या नावावर थेट दहा-वीस लाख ठेवले तर ते कोणीही काढून घेऊ शकेल. ट्रस्टमध्ये ठेवले तर दरमहा औषध, मदतनीस, निवास यांसाठी पैसे द्यायचे आणि मूळ रकमेला हात लावायचा नाही, अशी अट घालता येते. अशा मुलासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हा स्तरावरील समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घ्यावा. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या काउंटरवर कळते.

खासगी ट्रस्टमध्ये घर किंवा जमीन ठेवायची असेल तर लेखी आणि नोंदणीकृत दस्त लागतो, किंवा मृत्युपत्रातूनच ट्रस्ट निर्माण करावा लागतो. ट्रस्टच्या उत्पन्नावरचा कर आणि मिळकतीवरचे मुद्रांक शुल्क यांचा हिशेब आधी चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्यावा. खासगी ट्रस्ट अनंत काळ चालवता येत नाही.

शाळा, दवाखाना, वाचनालय, शिष्यवृत्ती यांसाठी पैसा ठेवायचा असेल तर तो सार्वजनिक ट्रस्ट होतो. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू होतो आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तालयात होते. रक्कम लहान असेल तर नवा ट्रस्ट काढण्यापेक्षा विश्वासातल्या चालू संस्थेला मृत्युपत्रातून देणगी देणे सोपे. कामठीच्या लक्ष्मीनारायण यांनी साधारण तेच केले.

वारशावर कर लागतो का?

भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवर लागणारा कर १९८५ मध्ये रद्द झाला. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेली रक्कम उत्पन्न धरली जात नाही. पण पुढे त्या संपत्तीवर व्याज, भाडे मिळाले किंवा ती विकून नफा झाला तर त्यावर कर लागतो. म्हणून वडिलांनी घर किती रुपयांना घेतले, याचे जुने कागद जपून ठेवावेत.

मृत्युपत्र आहे, आता पुढे काय?

मृत्यूनंतर मृत्यू दाखला, मूळ मृत्युपत्र आणि ओळखपत्रे घेऊन प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शहरातल्या मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयात आखीव पत्रिकेवर नोंद, शेतीसाठी सातबारावर फेरफार, महापालिकेत मालमत्ता कराच्या नोंदीत बदल, सुधार प्रन्यासचा भूखंड असेल तर तिथे नामांतर. एखाद्या वारसाने हरकत घेतली तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते.

फेरफार किंवा आखीव पत्रिकेवरची नोंद ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ‘मोठ्या भावाचे नाव चढले म्हणजे शेत त्याचे’ असे होत नाही. पण ती नोंद वर्षानुवर्षे न केल्यास पुढच्या पिढीत वारसांची संख्या तीनवरून तेरावर जाते आणि सह्या गोळा करणे अशक्य होते.

मृत्युपत्रात काय असावे?

• स्वतःचे पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख आणि ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असा स्पष्ट उल्लेख.
• सर्व जवळच्या वारसांची नावे, ज्यांना काही द्यायचे नाही त्यांचीही.
• प्रत्येक मिळकतीचे वर्णन : आखीव पत्रिका किंवा गट क्रमांक, भूखंड क्रमांक, बँक आणि शाखा, डीमॅट खाते, सोने, वाहन, लॉकर.
• वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा. दुसऱ्याचा हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही.
• पती-पत्नीपैकी मागे राहणाऱ्याला घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क.
• ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर ती संपत्ती कोणाला, हे पर्यायी नाव.
• ‘राहिलेली व पुढे मिळणारी सर्व संपत्ती’ कोणाला, हे एक वाक्य. याच वाक्याअभावी नंतर घेतलेली एफडी वादात सापडते.
• लहान मुले असतील तर त्यांच्या पालकाचे नाव.
• एक्झिक्युटर म्हणून विश्वासू व्यक्ती आणि दुसरा पर्याय.
• प्रत्येक पानावर सही, शेवटी दोन साक्षीदारांची नावे, पत्ते आणि सह्या.

एवढे झाल्यावर दोन कामे उरतात. सर्व खात्यांचे नॉमिनी मृत्युपत्राशी जुळवून घ्या. लग्नाआधी आईचे नाव टाकले आणि नंतर बदललेच नाही, अशी खाती घरोघरी असतात. दुसरे, मूळ मृत्युपत्र कुठे ठेवले आहे ते किमान एका माणसाला सांगा. बँक लॉकरमध्ये ठेवले आणि लॉकर फक्त स्वतःच्या नावावर असेल, तर ते उघडण्यासाठीच वारसांना धावपळ करावी लागते. जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल २०२३ पासून सुरू आहे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवींची माहिती तिथे मोबाइलवरूनही पाहता येते.

मृत्युपत्राचा विषय काढला की ‘अशुभ बोलू नका’ असे म्हणून घरातली मंडळी गप्प करतात. पण एका संध्याकाळी बसून दोन पाने लिहिली आणि दोन ओळखीच्या माणसांसमोर सही केली, तर मागे राहणाऱ्या बायकोला, मुलीला किंवा आजारी मुलाला जिल्हा न्यायालयाच्या तारखा मोजाव्या लागत नाहीत. गुंतागुंतीची मिळकत, परदेशातले वारस, नझूल किंवा भाडेपट्ट्याची जमीन अथवा आधीचा वाद असेल तर मात्र सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.